दोन ठिपके दिसले म्हणजे सीएसओ नव्हे

अ‍ॅक्टिव्ह गॅलेक्सींबद्दल (ज्यांच्या मध्यावरचं महाकाय कृष्णविवर आजूबाजूचं द्रव्य गिळत असतं अशा) वाचता वाचता माझा सगळ्यात जास्त जीव जडला तो सीएसओंवर, म्हणजे कॉम्पॅक्ट सिमेट्रिक ऑब्जेक्ट्सवर. सिग्नस ए या गॅलेक्सीचा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो, मधे बारीकसा कोअर, म्हणजे कृष्णविवराजवळचा भाग, आणि तिथून सुटणाऱ्या झोतांमुळे, म्हणजे जेटमुळे, दोन्ही बाजूंना लाखो प्रकाशवर्षं पसरलेले रेडिओ लोब. सीएसओमध्ये चित्र तेच, कोअर, दोन्हीकडे लोब, टोकाला हॉटस्पॉट (जेट जिथे आदळतो तो उजळ ठिपका), पण सगळं मिळून १ किलोपार्सेकच्या आत, म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांच्या आत, आणि बरेचसे तर काहीशे प्रकाशवर्षांचेच, म्हणजे अख्खा रेडिओ सोर्स आपल्या गॅलेक्सीच्या मधल्या भागातच मावून जाईल.

आता एवढे लहान का? अजून वाढायचे आहेत म्हणून, का वाढायच्या आधीच विझतात म्हणून? यावर वाद घालायचा तर आधी हातात अशी यादी पाहिजे की जिच्यातला प्रत्येक सोर्स खरोखर सीएसओ आहे, आणि घोडं नेमकं तिथंच अडलेलं होतं, कितीतरी वर्षं.

आधी दिसण्याचाच प्रश्न. एवढी बारीक गोष्ट बघायला मिलिआर्कसेकंदाचं (एका अंशाच्या ३६ लाखाव्या भागाचं) रिझोल्यूशन लागतं, ते फक्त व्हीएलबीआयमध्ये मिळतं, म्हणजे हजारो किलोमीटर लांबच्या रेडिओ डिश जोडून. अमेरिकेतला व्हीएलबीए म्हणजे २५ मीटरच्या १० डिश, एक टोक हवाईत मौना कियावर आणि दुसरं कॅरिबियनमध्ये सेंट क्रॉइ बेटावर, मधलं अंतर ८,००० किलोमीटरच्या वर, प्रत्येक ठिकाणी अ‍ॅटॉमिक घड्याळ, डेटा रेकॉर्ड होतो आणि मग न्यू मेक्सिकोत सोकोरोला एकत्र आणून जुळवतात. १९९३ पासून हे चालू आहे आणि त्यातून निघालेले हजारो मॅप आज कोणालाही नेटवर बघता येतात. मी बघत बसतो, तासन्‌तास.

आणि बघताना पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की दोन ठिपके असलेले मॅप ढिगाने आहेत. त्यातले बहुतेक सीएसओ नसतात. जेट जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जात असतो, तो आपल्या दिशेने रोखलेला असला की त्याचा उजेड डॉप्लरमुळे प्रचंड वाढतो आणि पलीकडचा जेट दिसेनासा होतो, मग मॅपमध्ये उरतो एका टोकाला कोअर आणि पुढे जेटमधली एखादी उजळ गाठ. झाले दोन ठिपके! एका फ्रीक्वेन्सीचा मॅप बघून ही गाठ आणि खऱ्या सीएसओचा लोब यातला फरक कळत नाही, कितीही डोळे फाडून बघा.

म्हणून मग दोन-तीन फ्रीक्वेन्सी लागतात, ५, ८.४, १५ गिगाहर्ट्झ अशा. कोअरचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती चमक याचा आलेख, सपाट असतो किंवा वरच्या फ्रीक्वेन्सीला चढतो, लोब आणि हॉटस्पॉटचा उतरत जातो. दोन ठिपक्यांपैकी एकच सपाट निघाला तर तो कोअर, म्हणजे हा एका बाजूचा जेट, यादीतून बाद. दोन्ही उतरते निघाले आणि मधे एक मंद सपाट ठिपका सापडला तर मात्र आनंद, कारण सीएसओचे जेट साधारण आपल्या नजरेच्या आडवे असतात त्यामुळे कोअर मंदच असणार, कधीकधी तर तो सापडतच नाही आणि निकाल लटकून राहतो. दोन्ही ठिपक्यांचा स्पेक्ट्रम अगदी तंतोतंत सारखा असेल तर आणखी एक शंका घ्यावी लागते, की हे ग्रॅव्हिटेशनल लेन्समुळे (वाटेतल्या गॅलेक्सीच्या गुरुत्वाने प्रकाश वाकून) एकाच सोर्सचे झालेले दोन फोटो तर नाहीत?

आणि दोन्ही सपाट निघाले तर? ही माझी सगळ्यात आवडती केस. ०४०२+३७९ नावाचा सोर्स सीएसओ म्हणूनच तपासत होते, २००४ मध्ये त्याच्यावर पेपर आला की हा कुठल्याच नियमात बसत नाही, आणि २००६ मध्ये निष्कर्ष निघाला की त्यात दोन कोअर आहेत, म्हणजे दोन महाकाय कृष्णविवरं, एकमेकांपासून फक्त ७.३ पार्सेकवर, सुमारे २४ प्रकाशवर्षं. सीएसओ शोधायला गेले आणि हाती लागली कृष्णविवरांची जोडी. मला वाटतं नुसत्या आकारावरून शिक्का मारून हा सोर्स यादीत टाकला असता तर ते कळायला कितीतरी उशीर झाला असता.

नुसता आकार किती फसवतो याचा हिशोब व्हिप्स सर्व्हेत मिळतो. तिथे व्हीएलबीएने ५ गिगाहर्ट्झवर ११२७ सोर्स पाहिले, त्यातून संशयित निवडून जास्त फ्रीक्वेन्सींवर पुन्हा पाहिले, आणि २०१६ च्या पेपरमध्ये निकाल असा की २४ सीएसओ पक्के, ५२ बाद आणि ३३ अधांतरी. पक्क्यांच्या दुप्पट बाद! आणि ही अशी माणसं की ज्यांनी संशयितही विचार करून निवडले होते. गिगाहर्ट्झच्या आसपास शिखर असलेला स्पेक्ट्रम ही दुसरी लोकप्रिय खूण, छोटा सोर्स स्वतःच्याच सिंक्रोट्रॉन लहरी (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनमधून निघणाऱ्या) खालच्या फ्रीक्वेन्सीला शोषून घेतो म्हणून ते शिखर येतं, पण ब्लेझार (ज्याचा जेट आपल्याकडेच रोखलेला असतो असा सोर्स) भडकला की काही काळ त्याचाही स्पेक्ट्रम असाच दिसतो, त्यामुळे तीही एकटी पुरत नाही.

लांबीच्या अटीतली एक गोष्ट मला फार आवडते. बऱ्याच सोर्सचा रेडशिफ्ट, म्हणजे तो किती लांब आहे ते सांगणारा आकडा, माहीत नसतो, मग १ किलोपार्सेकच्या आत आहे हे ठरवायचं कसं? तर विश्वाच्या भूमितीत एक गंमत आहे, रेडशिफ्ट १.६ च्या आसपास एका आर्कसेकंदात सुमारे ८.५ किलोपार्सेक बसतात आणि त्याच्यापलीकडे हा आकडा वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो. म्हणजे सोर्स ०.११ आर्कसेकंदापेक्षा लहान असेल तर तो कितीही लांब असो, १ किलोपार्सेकच्या आतच असणार. रेडशिफ्टशिवायही एवढं ठामपणे सांगता येतं.

मोठी साफसफाई झाली २०२४ मध्ये. सेबास्टियन कीलमन, कॅलटेकचे टोनी रेडहेड आणि त्यांच्या टीमने ३,००० च्या वर संशयित सोर्सचं जुनं निरीक्षण आणि पेपर चाळले. १ किलोपार्सेकच्या आत आणि केंद्राच्या दोन्ही बाजूंना रेडिओ उत्सर्जन या जुन्या दोन अटी होत्याच, त्यात आणखी दोन घातल्या, वर्षाला २० टक्क्यांपेक्षा जास्त चमक बदलता कामा नये आणि कुठल्याही भागाचा दिसणारा वेग (खरा नव्हे, नुसता भास) प्रकाशाच्या अडीच पटीच्या वर नको. दोन्ही अटी ब्लेझारना बाहेर काढण्यासाठी, कारण आपल्याकडे रोखलेला जेट चमकही बदलतो आणि भासमान वेगही भलता दाखवतो. सीएसओ याच्या उलट इतके स्थिर असतात की २००१ मध्ये सात सीएसओ काही महिने पाहिले तर चमकेतला चढउतार एक टक्क्याच्याही आत होता, म्हणून ग्रॅव्हिटेशनल लेन्स मॉनिटर करणारे लोक त्यांना कॅलिब्रेटर, म्हणजे मोजमाप ताडून बघायचा संदर्भ, म्हणून वापरतात. तर इतकं सगळं चाळून उरले किती? ७९. त्यातले ६४ आधीचे पक्के ठरले आणि १५ नवे.

३,००० मधून ७९ म्हणजे वाईट वाटायला पाहिजे खरं, पण यादी स्वच्छ झाल्या झाल्या चित्र दिसायला लागलं. टोकाला उजळ असणारे जे ताकदवान सीएसओ आहेत ते साधारण ५०० पार्सेकपर्यंत सापडतात आणि पुढे त्यांची संख्या एकदम आटते, वयही ५,००० वर्षांच्या आतलंच. म्हणजे ही सिग्नस ए ची बाळं असावीत ही जुनी समजूत बहुतेकांच्या बाबतीत तरी टिकत नाही, ते लहानपणीच विझतात. रेडहेड आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच सुचवलं होतं की कृष्णविवराने एखादा तारा फाडून गिळला की तेवढ्या इंधनावर असा जेट चालत असेल, तेव्हा कोणी फार लक्ष दिलं नाही, आता ते पुन्हा मांडलंय, मोठ्या ताऱ्याच्या बाबतीत. अजून ही शक्यताच आहे, पण मला ती पटते, कारण संख्या तशी एकदम का आटते याला दुसरं सोपं उत्तर मला तरी दिसत नाही.

वय मोजण्याची पद्धतही सरळ आहे, दोन हॉटस्पॉटमधलं अंतर वर्षानुवर्षं मोजत राहायचं आणि वेग काढून मागे जायचं. ०७१०+४३९ साठी १९९८ मध्ये हे केलं तर वय आलं सुमारे ११०० वर्षं. वेरूळचं कैलास लेणं त्याच्याहून जुनं! (तिथून प्रकाश यायला अब्जावधी वर्षं लागली ते वेगळं, पण आपल्याला दिसतो त्या क्षणी त्याचं वय एवढंच.)

आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा यात काय उपयोग असं मला नेहमी विचारतात. ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर, पण पसारा साधारण २५ किलोमीटरचा, त्यामुळे सीएसओच्या आतलं काही तिला दिसणार नाही, रिझोल्यूशन आर्कसेकंदाच्या घरातलं. पण दोन कामं तीच उत्तम करते. एक म्हणजे शिखराच्या खालच्या बाजूचा स्पेक्ट्रम, १५० मेगाहर्ट्झपासून वर. आणि दुसरं, आजूबाजूला जुना पसरलेला उजेड आहे का ते बघणं, कारण व्हीएलबीआयला पसरट काही दिसतच नाही. ०१०८+३८८ हा वयाने काहीशे वर्षांचा सीएसओ, पण त्याच्यापासून लांब जुन्या उत्सर्जनाचा एक तुकडा आहे, म्हणजे हे इंजिन आधीही एकदा चालून बंद पडलेलं असावं. शिवाय या छोट्या, शिखरवाल्या सोर्सेसवर पुण्यात आयुष्यभर काम केलेले डी. जे. सैकिया आहेत, २०२१ मध्ये ख्रिस ओ'डी यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला आढावा या विषयात यायचा असेल तर पहिल्यांदा वाचा.

व्हिप्समधले ते ३३ अधांतरी सोर्स मला अजून स्वस्थ बसू देत नाहीत. त्यातल्या प्रत्येकाचा खालच्या फ्रीक्वेन्सीचा स्पेक्ट्रम अपग्रेडेड जीएमआरटीवर काढता येईल, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय शोधणारं कोणी हे वाचत असेल तर खाली कमेंट टाका, जुने मॅप कुठे मिळतात आणि सुरुवात कुठून करायची ते मी सांगतो.