बर्टनच्या बिअरचं सांडपाणी उपसणारं पंपघर

पहिल्या खेपेला आम्ही थंड इंजिनं बघून परतलो. तारीख न बघता गेलो होतो, चूक आमचीच. म्हणून आधी तेच सांगतो: इंग्लंडमधल्या बर्टन गावाजवळच्या क्लेमिल्स पंपघराला जायचं तर वाफेचा दिवस, म्हणजे इंजिनं वाफेवर चालवून दाखवतात तो दिवस, धरूनच जा. असे दिवस वर्षात मोजके असतात, तारखा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात.

डर्बीहून बर्टन ऑन ट्रेंट रेल्वेने पाव तासावर आहे. तिथून स्ट्रेटन गावाच्या कडेचं हे पंपघर चार-पाच किलोमीटर. चालता येतं, पण घरची मंडळी बरोबर असतील तर टॅक्सी करा.

बर्टन म्हणजे बिअरचं गाव. इथल्या जिप्समवाल्या पाण्याची ‘इंडिया पेल एल’ जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला जायची, हे आपल्याकडे थोडंफार ठाऊक असतं. पण एवढी बिअर गाळल्यावर उरणारं घाण पाणी जायचं कुठे? ते गावच्या मैलापाण्यासकट उपसून एगिंग्टनच्या सांडपाण्याच्या शेतावर (मैलापाणी जमिनीत जिरवायची जागा) ढकलायला १८८५ साली ही लाल विटांची इमारत उभी राहिली. मैलापाण्यासाठी इतकं देखणं बांधकाम! आपल्याकडे देवळाच्या सभामंडपालाही एवढी हौस करत नाहीत.

आत लेस्टरच्या गिम्सन कंपनीची चार इंजिनं, दोन-दोनच्या जोड्यांत. प्रत्येकाचं फ्लायव्हील, म्हणजे गती एकसारखी ठेवणारं जड चाक, २४ फुटी आणि वजन २४ टन. वाफ आधी लहान सिलिंडरात काम करते, मग तीच मोठ्यात, म्हणजे एकाच कोळशात दोनदा मजुरी. मला वाटलं होतं कान फुटतील, पण चारपैकी जे चालू होतं ते इतकं सावकाश, इतकं मऊ फिरत होतं की शेजारचं बोलणंही स्पष्ट ऐकू येत होतं. ही इंजिनं १९७१पर्यंत कामाला होती.

लोखंडी जिन्याने वर जाऊन इंजिनाची १३ टनांची, पंप हलवणारी लोखंडी तुळई डोक्याशी वरखाली होताना बघाच. गुडघे कुरकुरत असतील तर जरा जपून. बॉयलर-घरातही वेळ काढा. तिथे पाच लँकेशायर बॉयलर (आडव्या नळकांड्यासारखे जुन्या धाटणीचे) ओळीने आहेत. फावड्याने कोळसा टाकणारे स्वयंसेवक काही विचारलं की खुलतात, अर्धा तास तिथेच जातो. पांढरे कपडे मात्र नकोत, माझ्या बाहीवरचा तेलाचा डाग अजून गेलेला नाही.