उजवा अंगठा

लॅबचा फोन आला तेव्हा मी नवजात शिशू कक्षात बाळांच्या फाइली लावत होते. दोन बाळांच्या रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला होता. शेजारशेजारच्या वॉर्मरवरची, म्हणजे ऊब देणाऱ्या खाटल्यांवरची बाळं, दोन्ही दीड किलोच्या आतली. पोटात खड्डाच पडला. कारण हा जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातो तो बहुतेक वेळा आपल्याच हातांवरून.

दुपारी ड्यूटी बदलताना सगळ्यांना बेसिनपाशी थांबवलं. जांभळ्या दिव्याखाली चमकणारं एक लोशन असतं, ते प्रत्येकाला हाताला चोळायला दिलं आणि म्हटलं, रोज धुता तसेच हात धुऊन या. मग पडदा ओढून दिवा लावला.

तळवे स्वच्छ होते. पण बोटांची टोकं, नखांच्या कडा, अंगठे लख्ख चमकत होते. डॉक्टरांच्या बोटावर अंगठीच्या जागी अख्खं कडं उमटलं होतं. आणि माझा उजवा अंगठा, बुडापासून टोकापर्यंत. सतरा वर्षं या कक्षात काम करतेय. या अंगठ्याने किती बाळांच्या नाळेपाशी कापूस धरला असेल, हे मनात आलं आणि दिव्याखालचा हात हलवेना. उजव्या हाताने आपण डावा हात नीट धुतो. उजव्याची पाळी आली की डावा हात उरकून टाकतो.

दूध काढून द्यायला आलेली एक आई दारात उभी राहून बघत होती. हातात हिरव्या बांगड्या. "मी बी बघू का, सिस्टर?"

तिनेही लोशन लावलं, हात धुतले. बांगड्यांखाली मनगटावर दोन-चार रेषा सोडल्या तर काहीच चमकलं नाही.

"कसे धुतलेस गं?"

"भाकऱ्या थापल्यावर धुते तसेच की. ज्वारीचं पीठ वाळलं की नखात बसतं, अंगठ्याच्या बुडाला बसतं. नुसत्या पाण्यानं निघत न्हाई."

तिने करून दाखवलं. बोटांची टोकं तळहातावर घोळवली, बोटांत बोटं घालून घासली, अंगठा मुठीत धरून पिळल्यासारखा फिरवला. बेसिनवरच्या तक्त्यात हेच तर छापलंय! जागतिक आरोग्य संघटनेचा तो तक्ता हात ओले करण्यापासून कोरडे करेपर्यंत ४० ते ६० सेकंद सांगतो. त्या दुपारी मी घड्याळ लावलं, आमच्यातले बहुतेक जण पंधरा सेकंदांत मोकळे होत होते. पाणी गरम हवं असंही नाही, चोळणं हवं. सॅनिटायझर २०-३० सेकंदांत काम करतं, पण हाताला शी, रक्त, दूध लागलं असेल तर साबण-पाणीच लागतं. आणि हात कोरडे केल्याशिवाय बाळाला लावायचे नाहीत. ओल्या हातावरून जंतू जास्त सहज पसरतात.

आम्ही सगळ्यांनी पुन्हा धुतले. माझा अंगठा दुसऱ्या खेपेला विझला. डॉक्टरांनी अंगठी काढून रुमालाच्या टोकाला बांधली. त्या आईच्या बांगड्या मी वर चढवून बँडेजने बांधून दिल्या.

तिचं बाळ तिसऱ्या वॉर्मरवर होतं, अकराशे ग्रॅमचं. त्याच्या रक्तात जंतू सापडला नाही. शेजारच्या दोघांपैकी एक बाळ अठराव्या दिवशी घरी गेलं. दुसऱ्याला आम्ही वाचवू शकलो नाही.

आता हाताला साबण लावला की मी आधी उजवा अंगठा धुते.