काट्यांचं बाळपण

सकाळी साडेसातला गॅलरीत पालथी पडून फोटो काढत होते. आई म्हणाली, "अगं, काय हरवलंय?" काही नाही, मॅमिलेरिया नावाच्या निवडुंगाच्या शेंड्यावर नवे काटे आलेत! काटे म्हणजे मूळची पानंच. कोवळे असताना चक्क मऊ, गुलाबीसर. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सला श्वास घेतलेलाही खपत नाही, ४० फोटोंत ३ बरे आले. पण ऊन मागून घेतलं आणि काटे काचेसारखे उजळले, अहाहा!

एचेवेरिया या जाड पानांच्या झाडाच्या नव्या पानावरची पांढरी भुकटी मात्र माझ्याच बोटाने पुसली गेली. आता पान गळेपर्यंत तो ठसा मिरवायचा.

पानफुटीच्या गळालेल्या पानाच्या कडेला पाच पिल्लं फुटलीत. त्यांचा नंबर उद्या, आज पाठ धरलीय.