ताट ठाण्याचं, बाटली नाशिकची

फेब्रुवारीत आम्ही चौघं ठाण्याहून नाशिकला गेलो. मी, नवरा, माझी नेरूळची नणंद, म्हणजे आमच्या ताई, आणि त्यांचे यजमान, आमचे भाऊजी. काम एकच होतं, सासूबाईंच्या कोलंबीच्या आंबट-तिखटाला शोभेल अशी वाइन शोधायची.

आमचं घर खारकर आळीतलं, सीकेपी. रविवारी मासे नाहीत असं सहसा होत नाही. वाइन पाच-सहा वर्षांपासून घरात येते, पण ती जेवणाआधी खारे काजू आणि चीज यांच्यासोबतच संपायची. ताट वाढलं की ग्लास बाजूला. "आपल्या जेवणाला वाइन चालत नाही" असं सगळेच म्हणतात आणि मला ते कधीच पटलेलं नाही. द्राक्षं आपल्याच मातीतली, आपल्याच शेतकऱ्यांनी पिकवलेली. त्यांची वाइन आपल्या चिंचेला आणि लाल तिखटाला का चालू नये?

नाशिकला आम्ही आदल्या वर्षी एप्रिलमध्येही गेलो होतो. तेव्हा सहा बाटल्या घेतल्या, डिकीत टाकल्या आणि तशीच गाडी घेऊन त्र्यंबकेश्वरला गेलो. दर्शनाच्या रांगेत तीन तास गेले आणि गाडी तेवढा वेळ उन्हात उभी. घरी येऊन पाहिलं तर दोन बाटल्यांची बुचं वर सरकली होती आणि लेबलं चिकट झाली होती. त्यातली रेड उघडली तर चव उकळलेल्या जॅमसारखी. चूक सर्वस्वी आमची होती. त्यामुळे या वेळी पहिली तयारी केली ती बाटल्या परत आणण्याची. मासे बर्फात ठेवायला थर्माकोलचा जाड खोका मिळतो ना, तसा एक कोरा खोका घेतला. त्यात बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्या, मध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि हा खोका डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी, एसी पोचतो तिथे. पुढे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की जाताना खोका घेऊन जा.

दुसरं सांगणं ड्रायव्हरचं. चौघांपैकी एकजण पिणार नाही असं ठरवलं तर त्या एकाची सहल फुकट जाते, आणि घोटभर घेऊनही कसारा घाट उतरणं मला मान्य नाही. आम्ही दोन दिवसांसाठी ड्रायव्हर घेतला. ज्यांना गाडीच नको त्यांना सकाळची तपोवन एक्स्प्रेस आहे. मात्र नाशिक रोड स्टेशनपासून गंगापूर धरणाच्या बाजूच्या बागा वीसेक किलोमीटर लांब आहेत, तेव्हा पुढच्या रिक्षा-टॅक्सीचा विचार आधीच करून ठेवा.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. मुद्दाम गुरुवार, कारण शनिवार-रविवारी वायनरीत टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखायला, गर्दी असते आणि गर्दीत कुणालाच नीट वास घेता येत नाही, वाढणाऱ्यालाही दोन वाक्यं बोलायला वेळ नसतो. 26 जानेवारीचा लांब वीकेंड धरून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की 26 ला ड्राय डे असतो. माजिवडा, भिवंडी, पडघा, शहापूर असा जुना आग्रा रोड धरला. जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमण्याहून थेट इगतपुरीपर्यंत समृद्धी महामार्ग सुरू झालाय, त्याने घाट टळतो आणि वेळही वाचतो. मोटारसायकलला तिथे परवानगी नाही. आम्ही जाताना घाटाने गेलो, येताना समृद्धीने. बाटल्या गाडीत असताना घाटातल्या कोंडीत अडकायचं नव्हतं.

नाशिकमध्ये शिरताच नवऱ्याने मिसळीचा विषय काढला. नाशिकला जाऊन आधी मिसळ खायची नाही, हे ऐकायला कुणाचीच तयारी नसते. पण काळ्या मसाल्याची ती तर्री एकदा जिभेवर बसली की पुढचे दोन तास कुठलीही वाइन नुसती आंबट पाण्यासारखी लागते. मागच्या खेपेला आमचं तेच झालं होतं. म्हणून या वेळी आधी पोहे आणि केळी, मग टेस्टिंग. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर, पापड-दही-जिलबीसकट. हा क्रम कृपया पाळा.

सुलाची बाग गंगापूर-सावरगाव रस्त्यावर गोवर्धनच्या शिवारात आहे. राजीव सामंतांनी 1999 मध्ये ही कंपनी सुरू केली, तेव्हा या भागात वाइनच्या द्राक्षांचं नाव फारसं कुणी घेत नसे. सगळीकडे खायची थॉम्पसन. पुढे 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि बघता बघता नाशिक-दिंडोरी-इगतपुरीत वायनरी उभ्या राहिल्या. फेब्रुवारीत यायचा खरा फायदा हा, की तोडणी चालू असते. युरोपात हीच तोडणी सप्टेंबरच्या सुमाराला होते. आपल्याकडे वेलाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरल्यावर गोडी छाटणी. त्यामुळे घड थंडीत भरतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. त्या गारव्याने द्राक्षातला आंबटपणा टिकतो, आणि माझा सगळा शोध या आंबटपणाचाच होता.

बागेत हिंडवणाऱ्या मुलाने शेनिन ब्लांक या व्हाइट वाइनच्या द्राक्षाचा एक घड हातात दिला. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. तोंडात टाकला तर बाजारातल्या कुठल्याही द्राक्षापेक्षा गोड, आणि गोडी ओसरताच जिभेच्या कडांना पाणी सुटलं, कच्च्या करवंदाने सुटतं तसं. बी चावली तर तुरट. एवढ्याशा मण्यात गोड, आंबट आणि तुरट तिन्ही चवी वेगवेगळ्या कळल्या. बागेत गेलात तर मणी नक्की मागा, पण आपल्या हाताने तोडू नका. कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे ते.

टेस्टिंगला पाच-सहा प्रकार थोडे थोडे ओततात. सगळं गिळलंच पाहिजे असं नाही, शेजारी भांडं असतं, त्यात थुंकलं तरी कुणी वाईट मानत नाही. दोन वाइनच्या मध्ये पाणी प्या. अत्तर लावून जाऊ नका. ताईंनी लावलं होतं आणि पहिल्या तीन ग्लासांत आम्हा सगळ्यांना मोगराच येत होता. मी वही नेली होती. प्रत्येक घोटापुढे एकच प्रश्न लिहिला, हे घरच्या कुठल्या पदार्थासोबत जाईल? 'ब्लॅकबेरी', 'ओक' असले शब्द मी लिहिलेच नाहीत. सोव्हिन्यों ब्लांक या व्हाइटपुढे लिहिलं, 'हिरवी मिरची, कोथिंबीर, हिरव्या वाटणाचं पापलेट'. शेनिनपुढे 'कोलंबी?'. दिंडोरी रिझर्व्ह शिराझ या रेडपुढे 'सुकं मटण, भाजलं खोबरं'. तुम्हीही असंच लिहा, बाटली निवडताना फार उपयोग होतो.

दुपारी जवळच्याच यॉर्क वायनरीत गेलो. तिथल्या गच्चीवरून गंगापूरचं पाणी दिसतं. संध्याकाळी तिथे बसावं, एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर इगतपुरी तालुक्यातल्या व्हॅलोन वायनरीला थांबलो, समोर मुकणे धरणाचा जलाशय. जागा लहान आणि शांत. जाण्याआधी फोन करून जा. तिथली रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, आम्हा चौघांनाही आवडली. तिन्ही ठिकाणची बिलं मी जपून बाटल्यांसोबतच ठेवली, वाटेत कुणी विचारलं तर हाताशी असावीत. वयाचा दाखलाही जवळ ठेवा.

आता रविवार. सहलीचा खरा भाग तोच.

सकाळी चेंदणीच्या कोळणीकडून बोंबील आणि कोलंबी आणली. सासूबाई वाइन पीत नाहीत, पण बेत त्यांनीच ठरवला. तळलेले बोंबील, कोलंबीचं आंबट-तिखट, वालाचं बिरडं, भात आणि शेवटी सोलकढी. मी एका पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात शेनिन आणि ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, बुडवून ठेवल्या. वीस-पंचवीस मिनिटांत फ्रीजरपेक्षा चांगल्या गार होतात. व्हाइट 8 ते 10 अंशांवर हवी. रेडबद्दल सगळे सांगतात, घरच्या तपमानाला प्या. पण तो नियम ज्या थंड देशांत झाला तिथलं घर 16-18 अंशांचं. ठाण्यात मार्चला स्वयंपाकघर 32 च्या खाली येत नाही. रेडसुद्धा वाढण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर दारूचा उग्र वास तेवढा वर येतो.

बोंबील दाबून पाणी काढलेले, हळद-तिखट-मीठ आणि चिंचेचा कोळ लावलेले, वरून रवा-तांदळाचं पीठ. तव्यावर कडा तांबूस व्हायला लागल्या तशी मी ब्रूट उघडली. सुलाची ब्रूट शॅम्पेनच्याच पद्धतीने करतात, दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि बुडबुडे तिथेच तयार होतात. बोंबलाचा पहिला तुकडा कुरकुरीत, आत लोण्यासारखा, तेल ओठांना लागलेलं. त्यावर एक गार घोट. बुडबुड्यांनी आणि आंबटपणाने तेल पार धुऊन गेलं आणि पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा लागला. भाऊजी काही न बोलता सहा बोंबील जेवले. बटाटवड्याबरोबरही हीच ब्रूट उघडून बघा.

मग कोलंबी. इथे मी मुद्दाम दोन ग्लास मांडले, एकात शिराझ आणि एकात शेनिन. शिराझचा घोट घेतला आणि तोंडात लोखंडी चव पसरली, जुनं नाणं चाटल्यासारखी. रेड वाइनमधलं लोह आणि माशातली चरबी एकत्र आली की असं होतं. शिवाय रेडमधला तुरटपणा आणि दारूचं प्रमाण तिखटाला आणखी भडकवतं. शेनिनने मात्र कमाल केली. चिंच आंबट, वाइनही आंबट, त्यामुळे दोन्ही एका पातळीला आल्या. वाइन पदार्थापेक्षा कमी आंबट असली तर ती पाणचट लागते, आपण चुकतो ते इथेच. शेनिनमधली जराशी गोडी आणि गारवा मिरचीला शांत करत होता. लसणाची फोडणी, कोलंबीची स्वतःची गोडी, सगळं जास्तच स्पष्ट लागायला लागलं. पदार्थ मी अठरा वर्षं खातेय, पण कोलंबीची ती गोडी इतकी ठळक कधी लागली नव्हती.

वालाच्या बिरड्याला काही जमलं नाही. वालाची ती किंचित कडवट चव आणि रोझे एकमेकांकडे पाठ फिरवून बसल्या. बिरडं नुसतंच खावं, उत्तम लागतं. सोलकढी आणि वाइन एकाच वेळी घेऊ नका, दोन्ही आंबट आणि दोघींनाही सगळं लक्ष हवं असतं. ग्लास संपवा, मग सोलकढी. आणि आमच्या ठाण्याच्या मामलेदारच्या मिसळीइतकं तिखट काही समोर असेल तर वाइन उघडूच नका, ताक घ्या.

रोझेचं भाग्य पुढच्या शनिवारी नेरूळला उजळलं. ताईंनी दिवाळे गावच्या मासळी बाजारातून चिंबोऱ्या आणल्या होत्या, भाजल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातल्या. व्हाइट त्या वाटणापुढे दुबळी पडली, रेड जड झाली आणि रोझे बरोबर मध्ये बसली. हात वाटणाने माखलेले, त्यामुळे तिथे नाजूक दांड्याचे ग्लास नकोत. आम्ही स्टीलच्या छोट्या पेल्यांतून प्यायलो, गारही जास्त वेळ राहिली. शिराझची दुसरी बाटली मात्र अजून मटणाची वाट बघत फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी पडली आहे. ठाण्याच्या घरात बाटली ठेवायला त्याहून बरी जागा मला सापडलेली नाही. उघडलेली बाटलीही झाकण लावून फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. उरली तर कोलंबीच्या रश्श्यात अर्धी वाटी व्हाइट घालून पाहा, चिंच तेवढी कमी करा.

त्या रविवारी सगळ्यांची पानं झाल्यावर सासूबाईंनी स्वतःहून चमचाभर शेनिन मागून घेतली, कोलंबीच्या शेवटच्या घासाबरोबर. क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आंबट कुठलं, चिंचेचं की हिचं, कळत नाही गं. पुढच्या वेळी दोन आणा, एक श्रावण संपल्यावर उघडू."