किल्ला पाण्यातून बघायचा असतो

आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे म्युनिकला आली होती आणि थंडीने पार कंटाळली होती, म्हणून मार्चमध्ये चार दिवस माल्टाला जायचं ठरवलं. व्हिसा तोच चालतो, विमान स्वस्त, आणि समुद्र आहे. आईला समुद्र दिसला की बास. तिचं माहेर मालवणचं, आजोबांची होडी होती, धक्क्यावरून सिंधुदुर्गावर माणसं नेऊन सोडायचे. त्यामुळे माल्टाची राजधानी व्हॅलेटा, तिच्याबद्दल मी तिला एवढंच सांगितलं होतं की समुद्रातला किल्ला आहे पण आत पूर्ण शहर आहे.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की या शहरात पायऱ्या फार. म्हणजे गल्ली म्हणून चालायला लागलो की मधूनच गल्लीचा जिना होतो आणि थेट समुद्रापर्यंत खाली जातो, परत वर चढायचं म्हणजे आईच्या गुडघ्यांची परीक्षा. शहर अगदी आखीव आहे, सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, मग डोंगर सपाट का नाही केला असा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर वाचलं तेव्हा मी त्या पायऱ्यांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. सपाट करायचं ठरलेलंच होतं. फ्रान्चेस्को लापारेल्ली नावाचा इटालियन इंजिनियर पोपने पाठवला होता, त्याच्या आराखड्यात डोंगराचा माथा कापून काढायचा होता. पण तेवढा वेळ नव्हता, पैसाही नव्हता. तुर्क परत येतील ही भीती होती. म्हणून आधी तटबंदी, मग बाकी सगळं, आणि डोंगर राहिला तसाच. आईचे गुडघे दुखत होते ते साडेचारशे वर्षांपूर्वीच्या भीतीमुळे, असं मी तिला सांगितलं तर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, मग बरोबरच केलं त्यांनी.

भीती कसली ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय हे शहर कळतच नाही. 1565 च्या मे महिन्यात ऑटोमन तुर्कांचं आरमार माल्टावर आलं. तेव्हा व्हॅलेटा नव्हतंच. सेंट जॉनचे नाईट्स (म्हणजे लढवय्या ख्रिस्ती ब्रदर्सचा संघ, 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना हे बेट दिलं होतं, भाडं म्हणून वर्षाला एक ससाणा) बंदराच्या पलीकडच्या काठावर बिर्गु आणि सेंगलियामध्ये राहायचे. अलीकडे हा शिबेरास नावाचा उघडा खडकाळ डोंगर आणि त्याच्या टोकाला एक छोटा सेंट एल्मो किल्ला. तुर्कांनी आधी तोच घेतला, पण घ्यायला जवळजवळ महिना गेला, 23 जूनला पडला, आणि त्या लढाईत त्यांचा दर्गुत रईससारखा दर्यावर्दी कामी आला. मग याच उघड्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि पलीकडच्या काठावर मारा सुरू केला. नाईट्सनी बिर्गु आणि सेंगलियाच्या मधल्या खाडीच्या तोंडाला लोखंडी साखळी लावली होती. सप्टेंबरमध्ये सिसिलीहून कुमक आली तेव्हा वेढा उठला.

नाईट्सचा प्रमुख जाँ द ला व्हॅलेट. वेढा उठल्यावर साडेसहा महिन्यांत, 28 मार्च 1566 ला, त्याने ज्या डोंगरावरून तोफा डागल्या जात होत्या त्याच डोंगरावर नव्या शहराची पायाभरणी केली. मला या माणसाबद्दल जे वाटतं ते या एका गोष्टीमुळे वाटतं. घर वाचलं म्हणून तो हुश्श करून बसला नाही, शत्रू जिथे उभा राहिला होता तीच जागा आधी आपली केली. 1568 मध्ये तो गेला, शहर पूर्ण झालेलं त्याने पाहिलंच नाही. लापारेल्लीही निघून गेला आणि 1570 मध्ये क्रीटला प्लेगने वारला, पुढचं काम जिरोलामो कासार या माल्टीज माणसाने नेलं. 1571 मध्ये नाईट्स इथे राहायला आले. पाच वर्षांत! आणि नियम काय केले होते बघा, प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी पाहिजेच. बेटावर नदी नाही, वेढा पडला तर प्यायचं काय, हा विचार घर बांधतानाच.

दगडाबद्दल आईशी तासभर बोलणं झालं असेल. सगळं शहर एकाच पिवळसर चुनखडीचं आहे, सकाळी फिकट आणि संध्याकाळी मधासारखं. आईने एका कोपऱ्यावर बोट फिरवलं तर बोटाला बारीक पिवळी पूड लागली. वाऱ्याने, खारेपणाने दगड असा खाल्लेला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत, आणि त्याच भिंतीत शेजारी एक दगड अगदी गुळगुळीत. खाणीतून काढताना मऊ, करवतीने कापता येतो, मग हवा लागली की वरचा थर घट्ट होतो. आई लगेच म्हणाली, आपल्या जांभ्यासारखं. चिरे काढतात तेव्हा ओले असतात आणि उन्हात पक्के होतात, तसंच.

सेंट जॉन को-कॅथेड्रलला मी एकटीच दोनदा गेले. बाहेरून अगदी साधं, किल्ल्यासारखंच, आणि आत सोनं. जमिनीवर नाईट्सच्या रंगीत संगमरवरी कबरी, चारशेच्या आसपास, त्यावर सांगाडे कोरलेले, आपण त्यांच्यावरून चालत असतो. पण मी दुसऱ्यांदा गेले ती काराव्हाज्जो या इटालियन चित्रकारासाठी. 1608 चं चित्र, बाप्टिस्ट जॉनचा शिरच्छेद, पाच मीटरहून रुंद. त्यात निम्म्या भागात नुसती तपकिरी भिंत आणि काळोख आहे, सगळी माणसं डावीकडे गोळा झालीत, उजवीकडे खिडकीतून दोन कैदी मान लांबवून बघतायत. जॉनच्या गळ्यातून रक्त सांडलंय आणि त्या रक्तातच चित्रकाराने नाव लिहिलंय, त्याची सही असलेलं हे एकच चित्र. नावाआधी ‘फ’ आहे, फ्रा म्हणजे ब्रदर, कारण त्याच उन्हाळ्यात त्याला नाईट केलं होतं. काही आठवड्यांत मारामारी, सेंट अँजेलो किल्ल्यात कैद, तिथून पळून गेला, आणि डिसेंबरमध्ये त्याला संघातून काढून टाकलं ते याच खोलीत, याच चित्रासमोर. मी तिथे बाकावर बसून राहिले, गार्ड येऊन म्हणाला बंद होतंय.

खाण्याबद्दल थोडक्यात. पास्तिझी खा. खारीसारखे पापुद्रे आणि आत रिकोटा नाहीतर वाटाणा, वाटाण्याच्या सारणाला किंचित करी पावडरचा वास. बरोबर काचेच्या ग्लासात दुधाचा चहा मिळतो! आईने दोन घेतले. भाषा ऐकायला अरबीसारखी पण लिहायला इंग्रजी अक्षरं, जगाला दिन्या म्हणतात, पुस्तकाला क्तिएब. दुनिया आणि किताब.

तिसऱ्या दिवशी अप्पर बराक्का गार्डनमध्ये गेलो, दुपारी बाराला तोफ उडवतात (परत चारलाही) ती बघायला. सगळं ग्रँड हार्बर पायाखाली, समोर सेंट अँजेलो, बिर्गु, सेंगलिया, खाली एक अवाढव्य क्रूझ बोट. सगळे फोटो काढत होते. आई म्हणाली, “किल्लो काय वरसून बघतत? किल्लो पाण्यातसून बघूक होयो.” मला आजोबांचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

तिथून खाली जायला अठ्ठावन्न मीटरची लिफ्ट आहे, गुडघे वाचले. धक्क्यावर दायसा मिळाली. दायसा म्हणजे तिथली लहान होडी, दोन्ही टोकांना उंच उठलेली, पूर्वी उभं राहून वल्हवायचे, आता मागे इंजिन असतं. नावाडी आईच्याच वयाचा. आईने एका हाताने काठ धरला आणि दुसऱ्या हाताने वल्ह्याकडे बोट दाखवलं, तर त्याने काय ओळखलं कोण जाणे, मधोमध गेल्यावर इंजिन बंद केलं आणि वल्हं घेऊन उभा राहिला.

आणि तेव्हा दिसलं. वरून शहर सुंदर दिसतं, पाण्यातून भिंत दिसते. खडक कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते कळत नाही, मान वर करत जायचं, दगड, दगड, दगड, मग कुठेतरी वर एक हिरवी लाकडी बाल्कनी. डावीकडे बघा की सेंट अँजेलो, समोर सेंगलियाच्या टोकावर टेहळणीची छोटी बुरुजी, तिच्यावर कोरलेला डोळा आणि कान. इथे शिरणाऱ्या होडीला चारही बाजूंनी कोणीतरी बघतंय. 1878 मध्ये रशियाशी युद्ध होईल म्हणून इंग्रजांनी मुंबईहून सुएझमार्गे हजारो हिंदी सैनिक माल्टाला आणले होते, त्यात मुंबई फौजेच्या पलटणी होत्या. कोकणातली माणसं या फौजेत भरपूर असायची. त्यांच्यातल्या कोणाला हे बघून आपला समुद्रातला किल्ला आठवला असेल का, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

नावाड्याने तटाकडे हात करून सांगितलं की त्याचे वडील लहानपणी तिथे उभे होते. 15 ऑगस्ट 1942. बॉम्बफेकीने आणि उपासमारीने बेट टेकीला आलेलं, आणि मदत घेऊन निघालेल्या जहाजांच्या ताफ्यातला ओहायो नावाचा तेलाचा टँकर, मोडलेला, डेकपर्यंत पाण्यात गेलेला, दोन विनाशिकांच्या मधे बांधून या बंदरात आणला. सगळं शहर तटावर जमलं होतं. दिवस सान्ता मारियाच्या सणाचा, म्हणून तो आजही त्या ताफ्याला सान्ता मारियाचा ताफाच म्हणतो. मी हे सगळं आईला मराठीत सांगत होते आणि ती त्याच्याकडे बघून मान हलवत होती.

तेवढ्यात चार वाजले. वर बराक्कावर आधी पांढरा धूर दिसला, आवाज नाही, आणि मग धडाम, आणि तो आवाज पलीकडच्या तटावर आपटून परत आमच्या होडीवर आला. आई दचकली नाही. तिने हात पाण्यात घातला, ओली बोटं जिभेला लावली आणि म्हणाली, आपल्यापेक्षा जास्त खारट आहे.