आधी व्हीसीए, मग ऑसिलेटर

शनिवार, रात्री उशिरा

टेक्नो संगीतासाठी मॉड्युलर (सुटी मॉड्यूल जोडून बनवलेला सिंथेसायझर) जमवायला बसलं की नजर आधी ऑसिलेटरवर, म्हणजे मूळ सूर काढणाऱ्या मॉड्यूलवर, जाते. पण टेक्नोत सूर फारसा हलत नाही. हलते ती त्याची लांबी, धार आणि जोर. ते काम एन्व्हलप (वेळेनुसार चढणारं-उतरणारं व्होल्टेज), व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं मॉड्यूल) आणि अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा नॉब) यांचं. मुंबईतच 1982 साली चरणजित सिंग यांनी टीआर-808 या ड्रम मशीनच्या ठेक्यावर राग वाजवताना बेससाठी जी टीबी-303 सिंथ वापरली, तिच्यात ऑसिलेटर एकच होता. माझा हिशोब पक्का आहे: एका ऑसिलेटरमागे निदान तीन व्हीसीए.

किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस (खालचे सूर) यांचंच पाहा. 130 बीपीएमला (मिनिटाला 130 ठोके) एक ठोका 461 मिलिसेकंदांचा, त्याचा पाव भाग 115 चा. किकची शेपूट 300 च्या पुढे गेली की ती मधल्या बेसवर चढते आणि खालचा सगळा आवाज गढूळ होतो. अशा वेळी किकचाच ट्रिगर (सुरू करणारा पल्स) दुसऱ्या एन्व्हलपलाही द्यायचा, अटेन्युव्हर्टरने (सिग्नल कमी किंवा उलटा करणारा नॉब) हा एन्व्हलप उलटा करायचा, त्यात 5 व्होल्टचा ऑफसेट (स्थिर व्होल्टेज) मिळवायचा आणि ते बेसच्या व्हीसीएला जोडायचं. किक पडताच बेस दबतो आणि हळूहळू वर येतो. मेक नॉइज कंपनीच्या मॅथ्स मॉड्यूलमध्ये एन्व्हलप, उलटवणं आणि ऑफसेट ही तिन्ही कामं 20 एचपीत (एचपी हे मॉड्यूलच्या रुंदीचं माप) होतात, म्हणून ते महाग असूनही यादीत वर राहतं.

किक स्वतः रॅकमध्ये बांधायची तर एक ऑसिलेटर, दोन एन्व्हलप, एक व्हीसीए लागतात. डोप्फर कंपनीच्या मॉड्यूलच्या मापाने 10, 8, 8, 8, म्हणजे 34 एचपी गेले. रॅकची ओळ 84 एचपीची असेल तर ही चैन परवडत नाही. किक ड्रम मशीनकडेच ठेवावी. फक्त क्लॉक, म्हणजे ताल जुळवणारे पल्स, तपासायचं. ड्रम मशीनचं डिन सिंक (क्लॉक पाठवणारी जोडणी) एका ठोक्याला 24 पल्स सोडतं, सिक्वेन्सर (सूर क्रमाने वाजवणारं मॉड्यूल) बहुधा 4 ची वाट पाहतो. मध्ये सहाने भागणारा डिव्हायडर नसेल तर पॅटर्न सहापट धावतो.

वीजपुरवठ्यात काटकसर नको. अधिक 12, उणे 12 आणि 5 व्होल्ट, तिन्हींचे मिलिअँपियर वेगवेगळे मिळवायचे आणि वर 30 टक्के मोकळे ठेवायचे. डिजिटल मॉड्यूल चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतात. पुरवठा तोकडा असला तर ते सुरूच होत नाहीत. रिबन केबलची लाल कड उणे 12 च्या बाजूला. ती उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं.

इथे हात लावून बघायला मॉड्यूल सहज मिळत नाहीत. व्हीसीव्ही रॅक हे कॉम्प्युटरवरचं मॉड्युलर फुकट आहे, त्यात म्यूटेबल कंपनीच्या प्लेट्स (Plaits) या ऑसिलेटरचं रूपही आहे. एखादा पॅच तिथे आठवडाभर वाजवून मगच ऑर्डर द्यावी.

पॅच केबल लॅमिंग्टन रोडवर मिळतील, पण साडेतीन मिलिमीटरची मोनो पिन हवी हे दुकानात ठासून सांगायचं. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत न वापरलेले जॅक काळे पडतात, नॉब खरखरतात. पावसाळ्यात रॅकवर झाकण, आत सिलिका जेल, आणि रिकाम्या जॅकमधून अधूनमधून पिन आतबाहेर करायची. आउटपुट मॉड्यूलचे पैसेही आधीच बाजूला काढावेत: रॅकमधला सिग्नल 10 व्होल्टपर्यंत झुलतो, तो थेट ऑडिओ इंटरफेसला दिला तर फाटतो.