आमची वाटचाल: रिमपासून रिलेपर्यंत

लालबागच्या आमच्या गाळ्यात डाव्या हाताला सायकलचे रिम टांगलेले आणि उजवीकडे मोबाइलवरून दिवे लावायच्या स्विचचं सामान: रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), मॉड्यूल (रिले असलेली, बोर्डात बसणारी डबी), स्विचबोर्ड. दोन धंदे एका छपराखाली कसे, असं लोक विचारतात. आमच्या लेखी धंदा एकच आहे: जे खोलता येतं, ते दुरुस्त करायचं.

सुरुवातीपासूनचं गिऱ्हाईक म्हणजे एक डबेवाले मामा. त्यांची २८ इंची सायकल दर पावसाळ्यानंतर येते. बीबी, म्हणजे पेडलचा आस फिरतो ती बेअरिंग, खोलली की ग्रीसचा पांढरा चिखल झालेला असतो. डिझेलने धुवायचं, पाव इंची छर्रे दोन्ही बाजूंना ११-११ भरायचे. एकावर खड्डा दिसला तरी अख्खा सेट बदलायचा, कारण नवे-जुने मिसळले की भार फक्त नव्यांवर येतो. आणि कॉटर पिन, म्हणजे पेडलचा दांडा आसाला धरणारी खीळ, नट आवळून ओढू नका हो, आटे जातात! आधी हातोडीने बसवायची, मग नट. दोन्ही पिना सारख्या कोनात घासलेल्या नसल्या तर पेडल एका रेषेत येत नाहीत.

मधली वर्षं बरी गेली. सांगायचंय ते स्विच आणि ॲप एकत्र विकणाऱ्या पॅकेजवाल्यांबद्दल.

परळच्या एका टॉवरचं मोबाइलवर चालणाऱ्या स्विचचं काम आमचं ठरलं होतं. कमिटीने ऐन वेळी ते दुसऱ्या कंपनीला दिलं. दर निम्मा, वर ॲप फुकट. त्या वर्षी गाळ्याचं भाडं थकलं, हाताखालचा वायरमनही गेला. पुढे कंपनीने सर्व्हर बंद केला. मोबाइलचा हुकूम बाहेर सर्व्हरला जाऊन मग घरात यायचा, त्यामुळे सगळेच स्विच मुके झाले. काही मॉड्यूल तर त्याआधीच गेले होते. बंद बोर्डातल्या उष्णतेने पॉवर सप्लायचा कपॅसिटर सुकतो, किंवा एलईडी लागतानाच्या झटक्याने रिलेचे पॉइंट चिकटतात. पार्ट किरकोळ किमतीचा, पण कव्हर चिकटवलेलं आणि आत रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा चिकट रस) ओतलेलं, म्हणजे अख्खं मॉड्यूल भंगारात.

तीच कमिटी मग आमच्याकडे आली. बिल पूर्ण लावलं, एक रुपया सोडला नाही.

आम्ही रिले जिन्याच्या वायरिंगसारखा जोडतो, भिंतीवर टू-वे बटण ठेवून. मॉड्यूल मेलं तरी दिवा बटणावर लागतो. जुन्या चाळींच्या बोर्डात न्यूट्रल नसतो, तिथे आधी न्यूट्रल ओढून घेतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल दिव्यातूनच थोडा करंट घेतात, मग रात्री बंद एलईडी मिणमिणत राहतो आणि फोन आम्हाला येतो.

विकत घेताना दुकानदारासमोर राउटरची इंटरनेटची वायर काढा आणि ॲपवरून दिवा लावून बघा. मग मॉड्यूल उलटं करून स्क्रू शोधा. नसतील तर आमच्याकडे आणू नका. कटरने कापलेलं कव्हर आम्ही परत २३० व्होल्टवर बसवत नाही.